खपली, कोठी आणि सोंडे

प्राचीन धान्य म्हणजे जे आजीच्या काळी गरिबाचे समजले जात असे आणि आता नातवाला परवडत नाही, ते. ही व्याख्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, पण भुसार बाजारात तीच चालते. नाचणी, वरई, राळे, कोद्रा, ज्वारी, बाजरी आणि खपली गहू ही मंडळी तिच्यात बसतात. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. तोवर घरात काळी भाकरी म्हणून हिणवली जाणारी नाचणी त्यानंतर लग्नाच्या जेवणात वेगळ्या काउंटरवर, नावाच्या पाटीसकट उभी राहू लागली.

ही धान्ये अख्खी विकत घ्यायची, वर्षभर घरात सांभाळायची आणि लागतील तशी घरच्या घरी दळायची, ही रीत शहरी मध्यमवर्गात आता पुन्हा रुजते आहे. रीत मुळात फार जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली वस्ती उजेडात आली. सातू हे तिथले मुख्य पीक होते, आणि घरांतून धान्य साठवण्याचे खड्डे व कणगी ठेवण्याचे ओटे सापडले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या इनामगावकरापुढे इतर अडचणी पुष्कळ असतील, पण कणगी कुठे ठेवायची ही नव्हती. ती वन बीएचकेबरोबर आली.

या धान्यांत आज सर्वांत मोठा मान खपलीला आहे. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने जी पहिली पिके हाताळली त्यांत हा गहू होता. साध्या गव्हात 42 गुणसूत्रे असतात, खपलीत 28. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि लगतचे उत्तर कर्नाटक हा तिचा इकडचा मुलूख. सणावारी होणारी गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, तिथे खपलीचीच लागते, आणि ती एकदा खाल्लेला माणूस गुणसूत्रांबद्दल फारसे विचारत नाही. खपली तांबेरा रोगाला सहसा दाद देत नाही. म्हणून अमेरिकेत तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी 1920 च्या दशकात बारा गव्हांचा जो संच ठरवला गेला, त्यात एक गहू ‘खपली’ या नावानेच घेतला होता. मराठी मुलखातून अमेरिकेत जाऊन, नाव न बदलता, तांत्रिक कामाला लागणाऱ्यांत ती बरीच आधीची म्हणायची.

बाजारात मात्र तिची ओळख वेगळ्या पद्धतीने करून दिली जाते. पाकिटावर हजारो वर्षांचा उल्लेख असतो आणि शक्यतो एक ऋषी असतो. आतला दाणा पुष्कळदा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत खपून तयार केलेल्या वाणाचा असतो. एमएसीएस 2971 किंवा डीडीके 1029 ही त्यांची नावे. वाण चांगलेच आहेत, पण आकडा छापला तर ऋषी अवघडतो. याच पाकिटावर कधीकधी ‘ग्लुटेनमुक्त’ असेही लिहिलेले आढळते. ते साफ खोटे आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असते आणि सीलिअॅक आजार असलेल्याने ती खाऊ नये. या एका बाबतीत विनोदाला जागा नाही.

खरेदीचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. गहू आणि रब्बी ज्वारी तोवर खळ्यावरून बाजारात आलेली असते, ऊन कडक असते आणि पावसाला अवकाश असतो. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, याच दिवसांत भरून ठेवतात. बाजरी खरिपाची. ती थंडीच्या तोंडाला घ्यावी, थंडीतच खावी आणि संपवावी. किती घ्यायचे याचा हिशेब सोपा आहे. चौघांच्या घरात रोज अर्धा किलो कणीक लागते असे धरले तर वर्षाचे 180 किलोच्या वर जाते. मण-पायलीच्या काळात हा आकडा कुणाला घाबरवत नसे. आज तो कागदावर मांडला की घरातले सगळे काही क्षण पलंगाखालच्या जागेकडे बघतात. मग वीस किलोवर तडजोड होते, आणि तिलाच पुढे ‘आम्ही वर्षाचे भरतो’ असे म्हटले जाते.

धान्य पाहण्याची एक शास्त्रशुद्ध रीत आहे आणि ती मार्केट यार्डात अजून बघायला मिळते. जाणकार गिऱ्हाईक वरच्या दाण्यांकडे पाहतसुद्धा नाही. तो, बहुधा ती, बांगड्या मागे सारून हात कोपरापर्यंत पोत्यात घालते. आत गार लागले तर बरे. ऊब लागली तर आत ओल आहे किंवा वस्ती आहे. मग तळची मूठ वर काढून तळहातावर पसरायची. दाण्याला टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक दिसते का, हाताला पांढरी भुकटी लागते का, हे बघायचे. वास घ्यायचा. शेवटी एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌कन आवाज झाला तर वाळलेला, नुसताच दबला तर ओला. साठवणीच्या धान्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत असावा असे कृषी खाते सांगते, आणि दाढ तेच यंत्राशिवाय सांगते. दुकानदार हा सगळा वेळ दुसरीकडे बघत असतो, कारण भाव यानंतर ठरायचा असतो. “ताई, घरी खायला हाच नेतो आम्ही,” हे वाक्य तो प्रत्येक पोत्याबद्दल म्हणतो. सगळी पोती घरी नेणाऱ्या या कुटुंबाच्या भुकेबद्दल कुणी विचारत नाही.

खपली घेताना आणखी एक निवड करावी लागते, आणि गोम तिथेच आहे. खपलीचा दाणा मळणीनंतरही टरफलातून सुटत नाही. तो वेगळा सडावा लागतो. पूर्वी हे काम उखळ-मुसळावर बायकांच्या खांद्यांनी केले, आता यंत्र करते. टरफलातच असलेल्या दाण्याला कीड सहजासहजी लागत नाही, कारण निसर्गाने त्याला अंगचीच कोठी दिलेली असते. गिऱ्हाईक मात्र सडलेला, तुकतुकीत, तांबूस दाणा मागते. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन ते आधी संरक्षण काढून टाकते आणि मग घरी येऊन संरक्षणाचे उपाय शोधू लागते. टरफलासकट खपली घेणारेही असतात. त्यांच्याकडे उखळ नसते, हे त्यांना घरी आल्यावर आठवते.

घरी आलेले धान्य निवडणे, चाळणे आणि पाखडणे ही कामे ज्यांना येतात त्यांना ती करायची नसतात आणि ज्यांना करायची हौस असते त्यांना ती येत नाहीत. सूप हातात घेतलेला नवशिका धान्य पाखडतो तेव्हा फोलपट सुपात राहते आणि गहू सोफ्याखाली जातो. पाठोपाठ ऊन दाखवणे. गच्चीवर चादर पसरून दोन-तीन कडक उन्हे दिली की ओलावा उतरतो आणि किडे आपण होऊन सावलीकडे निघतात. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते. ते ती देतात, पण पापड, कुरडया, मिरच्या आणि आता गहू अशी रांग लागल्याची जाणीव करून देऊन. उन्हातले गरम धान्य तसेच डब्यात भरू नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि पाहुणे येणार असले की मोडला जातो. गरम दाणे बंद डब्यात घामेजतात, झाकणाच्या आत पाणी साचते आणि सगळ्या वाळवणावर पाणी पडते, अक्षरशः.

साठवणीची भांडी हा महाराष्ट्रात एके काळी मोठा शिल्पविषय होता. कुडाची, शेणामातीने लिंपलेली कणगी, वाड्याच्या भिंतीत बांधलेले बळद, मडक्यांची उतरंड, आणि सर्वांत धाडसी म्हणजे पेव. जमिनीत खोल खणलेल्या या कोठाराचे तोंड लिंपून बंद केले की आतली हवा कोंडते. धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात आणि मग किडेही संपतात. सांगलीजवळ हरिपूरला हळद अशीच पेवांत ठेवत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे म्हणजे मरण, म्हणून आधी हवा खेळू देत आणि दिवा सोडून पाहत. आज हवाबंद पिशव्या आणि प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या याच तत्त्वावर विकल्या जातात. उतरायला कुणी नसल्यामुळे त्या पुष्कळच सुरक्षित आहेत.

सध्याच्या घरात यांपैकी काहीच मावत नाही. पत्र्याची कोठी, पंधरा किलो तेलाचा धुऊन वाळवलेला डबा आणि प्लास्टिकचे पिंप एवढेच पर्याय उरतात. कोठी भिंतीला चिकटवून ठेवू नये, फरशीवर थेट ठेवू नये, स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवू नये, बाल्कनीत पावसाच्या तोंडाला ठेवू नये. एवढे टाळल्यावर जी जागा उरते तिथे नेमका टीव्ही असतो. त्यामुळे अनेक घरांत कोठीवर कापड घालून तिला कोपऱ्यातले टेबल बनवतात, वर फुलदाणी ठेवतात. दळण काढायचे म्हणजे आधी फुलदाणी, मग कापड, मग वर्तमानपत्रांची रद्दी, मग झाकण असा क्रम लागतो.

आता सोंडे. घरातल्या धान्यात वस्ती करणाऱ्यांत खापरा, तांबडा भुंगेरा, पाखरू असे बरेच जण आहेत, पण गव्हाच्या बाबतीत मुख्य मानकरी सोंडेच. किडा जेमतेम तीन मिलिमीटरचा, तपकिरी, पुढे सोंड, पाठीवर चार फिकट ठिपके. हात लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचे सोंग करतो, आणि घरातले माणूस हळहळून हात मागे घेते तेवढ्यात चालू लागतो. मादीचे काम फार नेमके असते. ती सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि वरून चिकट द्रवाचे बूच बसवते. बूच सुकले की भोक दिसत नाही. अळी आत दाणा खात वाढते, आतच कोष करते आणि उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभराने पूर्ण किडा होऊन, नवे भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे बाजारात तळहातावर घेतलेला स्वच्छ, भरदार दाणा आधीच पोटभाडेकरूसह घरी आलेला असू शकतो. दुकानदार म्हणतो त्यात तथ्य असते: “आमच्याकडे किडा नव्हता.” दिसत नव्हता, एवढीच दुरुस्ती.

आषाढात पहिला सोंडा ओट्यावर दिसतो. त्या वेळी घरात जे होते त्याचे वर्णन अभ्यासपूर्ण ग्रंथांत नाही. घरातले एक माणूस तो ‘खिडकीतून आला’ असे ठामपणे सांगते. हे माणूस म्हणजे ज्याने धान्य आणले ते. दुसऱ्या दिवशी पाच दिसतात, आणि खिडकीचा सिद्धान्त मागे पडतो.

उपाय घराघरांत वेगळे असतात आणि प्रत्येक घराला दुसऱ्याचा उपाय घातक वाटतो. कडुलिंबाचा पाला सर्वांत जुना. तो सावलीत वाळवलेला असावा. ओला घातला तर किडा राहतो आणि बुरशीही येते. बिब्बे घालण्याची चाल आहे, कडधान्याला राख चोळतात, गव्हाला तळहातावर एरंडेल घेऊन हलका हात फिरवतात. एरंडेल चांगले काम करते, मात्र पुढे घरच्या चक्कीची जाळी चिकट होते, आणि पोळीला आलेला वास पाहुण्यांना लहानपणीच्या रविवार सकाळची आठवण करून देतो. बोरिक पावडर बरीच घरे लावतात, पण तसे धान्य नीट धुऊन वाळवल्याशिवाय वापरायचे नाही आणि धुतलेला गहू पूर्ण वाळल्याशिवाय दळायचा नाही. म्हणजे गच्चीची किल्ली पुन्हा. पाऱ्याच्या गोळ्या बाजारात मिळतात. पारा विषारी आहे, एवढे कळल्यावर त्या न घेणे शहाणपणाचे. आणि गोदामातल्या धुरीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात चुकूनही आणू नयेत. त्यांच्या वायूने माणसे दगावतात.

यापेक्षा निर्धोक उपाय फ्रीझरचा. धान्य घट्ट पिशव्यांत भरून उणे 18 अंशांना आठवडाभर ठेवले की अंडी, अळ्या आणि किडे सगळेच मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर दव धरते. अडचण एकच: वीस किलो गहू एका वेळी फ्रीझरमध्ये मावत नाही. मटार, खवलेला नारळ आणि आइस्क्रीम यांच्याशी वाटाघाटी करत पाच-पाच किलोंच्या हप्त्याने तो आत-बाहेर करावा लागतो. पाहुण्यांनी बर्फ मागितला की हाती गहू येतो.

नाचणीला या सगळ्याची गरज फारशी पडत नाही. तिचा दाणा इतका बारीक आणि टणक असतो की किडे तिच्या वाटेला क्वचित जातात, आणि नीट वाळवलेली नाचणी कित्येक वर्षे टिकते. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या घरांनी दुष्काळाची तरतूद म्हणून ती जपली ती यासाठीच. गंमत अशी, की जे धान्य आपोआप टिकते त्याच्या साठवणीवर कुणी व्याख्यान देत नाही.

दळणाकडे येताना घरघंटी का घेतली जाते हे पाहायला हवे. जात्याचा काळ संपला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या ओव्या रचून व्हाव्यात इतका वेळ दळायला लागत असे, हे त्यातून आपोआप कळते. जात्यानंतर कोपऱ्यावरची गिरणी आली आणि खांदे सुटले. गिरणीत डबा ठेवायचा, ‘गहू, बारीक’ अशी चिठ्ठी टाकायची आणि संध्याकाळी पीठ आणायचे. कटकटीचे मूळ एकच होते: आपल्या आधी काय दळले? “काकू, आत्ताच बाजरी काढलीय, चालेल ना?” असे गिरणीवाला विचारतो, आणि काकू ‘चालेल’ म्हणतात ते अशा सुरात की तो पुन्हा कधी विचारत नाही, सरळ दळतो. एवढ्या किमतीची खपली दुसऱ्याच्या लोकवन गव्हावर दळली गेली, आपल्या डब्यात कुणाची तरी कणीक आली आणि आपली कुणाच्या तरी घरी गेली, या कल्पनेने झोप उडालेल्या घरांनी घरघंटीचा बाजार उभा केला आहे.

घरघंटीत सहसा दगड नसतात. पोलादी कक्षात पाती गरगर फिरतात, दाणा आपटून फुटतो आणि जाळीतून पार होईपर्यंत आपटत राहतो. बेसनाची, कणकेची, रव्याची अशा जाळ्या वेगळ्या. एक अश्वशक्तीची मोटर तासभर पूर्ण ताकदीने चालली तर पाऊण युनिट वीज जाते, म्हणजे बिल फारसे वाढत नाही. वाढतो तो आवाज. दळायची योग्य वेळ कोणती यावर एकमत नाही. सकाळी खालच्या मजल्यावर कुणाची तरी ऑनलाइन मीटिंग असते, दुपारी वरच्या आजोबांची वामकुक्षी आणि रात्री दहानंतर कायदा. जात्यावर पहाटे ओवी म्हणत, घरघंटीवर ती ओरडून म्हणावी लागेल.

पीठ थोडेच दळावे, कारण दाणा फुटला की त्याचे आयुष्य मोजके. अख्ख्या दाण्यात अंकुराचे तेल बंदिस्त असते. दळल्यावर त्याला हवा लागते. बाजरीत तेल जास्त आणि ते लवकर बिघडवणारे विकरही जोरदार, म्हणून बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडवट लागू लागते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरत येते. मग उकड काढून वेळ निभावून न्यावी लागते. अख्ख्या गव्हाचे पीठ त्यामानाने सोशिक, तरी पंधरा दिवसांचे दळण पुरे.

खपलीच्या कणकेला ग्लुटेन असून ताण कमी. ती कोमट पाण्यात सैलसर भिजवावी, अर्धा तास झाकून ठेवावी आणि लाटताना जोर लावू नये. पुरणपोळीला ती उत्तम; रोजच्या पोळीला मात्र फुगण्याची सवय असलेल्या घराने धीर धरावा. पहिल्या जेवणात सगळे ‘पचायला हलकी आहे’ असे म्हणतात. पोळीच्या चवीबद्दल मराठी घरात बोलण्याची ही सभ्य पद्धत आहे.

पुढच्या चैत्रात नवे धान्य भरण्याआधी कोठी पूर्ण रिकामी करून धुवावी, उन्हात तापवावी आणि सांध्यांतली भुकटी ब्रशने काढावी, कारण किडे पुढच्या वर्षाची वाट तिथेच पाहत असतात. तळाशी राहिलेले दोन-चार किलो जुने धान्य नव्यात मिसळू नये. ते चाळून, उन्हात टाकून, वेगळे दळून आधी संपवावे. संपवण्याचे हे काम, घरात ज्याने खपली आणण्याचा आग्रह धरला होता त्याच्यावर सोपवण्याची पद्धत आहे.